दुसऱ्या अर्वोचं आतडं

अर्वो लाहतीची तपासणी झालेली आहे आणि त्याचं मोठं आतडं आरशासारखं लख्ख आहे, ही बातमी खुद्द अर्वो लाहतीला इस्पितळातल्या बाईंनी फोनवर दिली, तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून बटाटा सोलत होता. तपासणी अजून व्हायची होती. तिची तारीख मागायलाच तर त्याने फोन केला होता.

"मार्चमध्येच झाली ना तुमची," बाई म्हणाल्या.

"माझी नाही झाली."

"अर्वो लाहती ना?"

"हो."

"मग झालीय."

"अहो बाई, अशी गोष्ट माणूस विसरेल का?"

"गुंगीचं औषध देतात हो. बरेच जण विसरतात."

आता कोलोनोस्कोपी म्हणजे काय, तर ज्या रस्त्यावर आपण जन्मभर एकेरी वाहतूक ठेवलेली असते, त्या रस्त्याने उलट दिशेने दुर्बीण घालून आत सगळं ठीकठाक आहे का ते बघायचं. असलं काही आपल्यावर गुदरलं आणि आपल्या लक्षात राहिलं नाही, हे अर्वोला पटेना. पण फोन ठेवल्यावर त्याने उरलेला बटाटा सोलला, तेवढ्या वेळात त्याला त्यात एक गोडी दिसायला लागली. सरकारदरबारी आपलं आतडं स्वच्छ आहे. कागदोपत्री आपण पार पडलो आहोत. मग उगाच दप्तराशी वाद कशाला घाला?

हे त्याने बायकोला जरा खुशीतच सांगितलं. इल्मा खुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकून होती. अंगणातल्या बर्फावर घसरून तिचा घोटा मोडला होता आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं.

"लाहती या गावात पोत्याने आहेत," ती म्हणाली. "तो दुसरा कुणी अर्वो असणार. त्याचं आतडं घेऊन तू किती दिवस जगणार आहेस?"

"मी आपलं म्हटलं."

"रायनोही असंच आपलं म्हणायचा."

रायनो हा अर्वोचा थोरला भाऊ. 'पोट जरा बिघडलंय' असं तो दोन वर्षं म्हणत राहिला आणि गेल्या शरद ऋतूत त्याला पोहोचवायला सगळं गाव चर्चमध्ये जमलं. त्यानंतर डॉक्टरांनी अर्वोला समोर बसवून बजावलं होतं, सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर होता, तर तुमची तपासणी केव्हाच व्हायला हवी होती. अर्वोने मान डोलावली होती. मान डोलावण्यात त्याचा हिवाळा गेला.

तेव्हा तो उठला, चांगला कोट घातला आणि आपल्यावर कोलोनोस्कोपी झालेली नाही, हे सिद्ध करायला इस्पितळात गेला.

हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. एखादी गोष्ट झाली याचा पुरावा असतो, टाके असतात, व्रण असतो. न झालेल्या गोष्टीचा पुरावा माणूस कुठून आणणार, आणि या बाबतीत तर दाखवणारही कुठे? खिडकीवरच्या मुलीने चेहरा कोरा ठेवून सांगितलं, की ज्यांची झाली आहे त्यांनी येऊन 'ती माझी' असं म्हटलं तर नोंद बदलता येईल.

दुसरा अर्वो लाहती तळ्याकाठी राहणारा, होड्या दुरुस्त करणारा एक धिप्पाड माणूस निघाला. फोनवर तो अगदी मोकळेपणाने बोलला.

"हो हो, मार्चमधली माझीच. झकास झाली. आणि बरं झालं तू भेटलास. तुझी दाताच्या डॉक्टरची तारीख मला आली होती."

"मग?"

"गेलो की मी. एक दाढ काढली त्यांनी."

"माझी दाढ?"

"तसं म्हणायला तुझी. पण दुखत माझीही होतीच."

दुसऱ्या दिवशी दोघे अर्वो लाहती खांद्याला खांदा लावून त्या खिडकीपुढे उभे राहिले. मुलीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आत जाऊन आणखी एका बाईला बोलावून आणलं, तिनेही बघितलं, आणि अखेर आमच्या अर्वोला त्याचं स्वतःचं, न तपासलेलं आतडं परत मिळालं. तारीख एप्रिलमधली पडली.

"बरोबर गाडी चालवणारा माणूस हवा," मुलगी म्हणाली. "टॅक्सी चालणार नाही. माणूस ओळखीचा पाहिजे आणि तुमचं होईपर्यंत इथेच बसून राहिला पाहिजे."

अर्वो म्हणाला, "त्यात काय मोठंसं." आणि घरी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की यातच सगळं मोठंसं आहे.

कारण अर्वोने तीस वर्षं काय केलं होतं, तर गावातल्या लोकांच्या शेजारी बसून त्यांची गाडी चालवण्याची परीक्षा घेतली होती. तो सचोटीचा माणूस. आरशात बघितलं नाही, नापास. थांबायच्या पाटीपाशी गाडी नुसती रेंगाळली, नापास. पास्टरना त्याने नापास केलं होतं, तेही ईस्टरच्या आठवड्यात. बँकेतल्या मॅनेजरला केलं होतं. स्वतःच्या मेहुण्याला दोनदा केलं होतं, आणि तो अजून नाताळला येतो तेव्हा मुद्दाम बसने येतो. या सगळ्यांना अर्वोने एकेक करून फोन केला. सगळ्यांनी प्रकृतीची चौकशी केली, रायनोची आठवण काढली, आणि नेमक्या त्याच दिवशी प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं. पास्टर म्हणाले, "मी प्रार्थना करीन." अर्वोला प्रार्थना नको होती, गाडी हवी होती.

राहता राहिला ऑर्विल ट्रेंबाथ.

ऑर्विल समोरच्या घरात राहायचा. नळाच्या सामानाचं दुकान विकून तो घरी बसला होता आणि तेव्हापासून सल्ले देत होता. त्याने लायसन्स ओहायोत काढलेलं, त्यामुळे अर्वोबद्दल त्याच्या मनात डूख नव्हता. तो लगेच हो म्हणाला, आणि त्या क्षणापासून कोलोनोस्कोपी अर्वोची राहिली नाही, ऑर्विलची झाली.

"माझी दोनदा झालीय," तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. "काही नसतं रे त्यात. खरी गंमत आदल्या दिवशी. ते पोट साफ करायचं औषध पितोस ना, ते गार करून प्यायचं. नळीने प्यायचं. नळी जिभेच्या मागे न्यायची. चव जिभेच्या पुढेच असते."

"कोण म्हणतं?" इल्माने विचारलं.

"अनुभव," ऑर्विल म्हणाला.

मग तो रोज यायचा. मऊ कागद घे, साधा कागद तुला रडवील. आठवडाभर बिया खाऊ नकोस, एक बी अडकली तरी डॉक्टरला ती धोंड्यासारखी दिसते. आदल्या दिवशी नुसतं सूप, तेही गाळून. अर्वो हे सगळं परीक्षकाच्या चेहऱ्याने ऐकून घ्यायचा. आदल्या दिवशी सकाळी ऑर्विल स्वतःच्या हाताने केलेली जेली घेऊन आला, भलं मोठं भांडं भरून, लालभडक.

इल्मा म्हणाली, "ऑर्विल, लाल चालत नाही. आत रक्तासारखं दिसतं."

ऑर्विल जरा चपापला. "माझ्या वेळी चालत होतं."

"दोन्ही वेळी?"

"पहिल्या वेळी," तो म्हणाला आणि जेली घेऊन घरी गेला. इल्मा दाराकडे बघत राहिली.

तरीही अर्वोची तयारी चोख होती, आणि दुपारच्या सुमाराला तो अगदी बेफिकीर होता. त्याने औषधाचा घागरीएवढा कॅन फ्रीजमध्ये गार केला होता. न्हाणीघरात मऊ कागदाची चळत रचली होती, मासिकं ठेवली होती, इल्माला तिच्या कुबड्यांसह आधीच जाऊन यायला सांगितलं होतं, कारण घरात संडास एकच. पहिला पेला त्याने उभ्याने, एका दमात रिकामा केला. समुद्रात लिंबू पिळावं आणि वरून थोडा साबण किसून घालावा, अशी ती चव होती, आणि ती जिभेच्या पुढे, मागे, खाली, सगळीकडे होती. त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "लोक उगाच बाऊ करतात."

तो पाचव्या पेल्यावर असताना रस्त्यात मोठ्याने धडधड सुरू झाली. खिडकीतून बघितलं तर नगरपालिकेची माणसं त्याच्या दारासमोर रस्ता खणत होती. थंडीने जमिनीखालचा मोठा पाइप फुटला होता. अर्वोने नळ सोडला. नळ खोकला, एकदा तांबूस थुंकला आणि गप्प झाला.

नगरपालिकेला फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणाला, "पाणी उद्या दुपारपर्यंत येईल. अगदीच निकड असली तर बाटल्या देतो."

अर्वोने पोटावर हात ठेवला. आत कुणीतरी जड कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत होतं. "निकड," तो म्हणाला, "बाटल्यांच्या पलीकडची आहे."

"ऑर्विलकडे जा," इल्मा म्हणाली. "त्याच्या बाजूला दुसरा पाइप आहे."

"माणसं आहेत बाहेर."

"अर्वो, थोड्या वेळाने तुला मान बाळगायला वेळ राहायचा नाही. आता निघालास तर चालत जाशील."

तो निघाला. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात पेला, काखेत मऊ कागद, अंगावर चांगला कोट. रस्त्याच्या मधोमध चर खणलेला आणि त्यावर एक फळी टाकलेली. सगळ्या कामगारांनी फावडी थांबवली. त्यांतल्या निम्म्यांना अर्वोने नापास केलेलं असणार, पण त्याने कुणाकडे बघितलं नाही. तो लहान लहान पावलं टाकत, गुडघे जुळवून, तोफखान्याची पाहणी करायला आलेल्या सेनापतीसारखा चालत राहिला. रहदारीला थांबवायची पाटी घेऊन उभी असलेली एक जाडजूड बाई त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने दोन्ही बाजूंच्या गाड्या हात दाखवून थांबवल्या, पाटी उंच धरली आणि मोठ्याने म्हणाली, "काकांना जाऊ द्या. माझ्या नवऱ्याचं गेल्या महिन्यातच झालंय."

एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तिने त्याला अशा काही शब्दांत गप्प केलं, की अर्वोला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

पुढची संध्याकाळ अर्वो ऑर्विलच्या न्हाणीघरात राहायला होता, असंच म्हणावं लागेल. ऑर्विल बाहेर जमिनीवर बसला होता आणि दारातून धीर देत होता.

"आता कसं वाटतंय?"

"जसं वाटायला हवं तसं."

"पाण्यासारखं झालं का?"

"ऑर्विल, तू टीव्ही बघ."

"दुखतं का रे?" ऑर्विलने थोड्या वेळाने विचारलं, आणि या वेळी आवाज निराळाच होता, बारीक. "म्हणजे, मला आठवत नाही म्हणून विचारतो."

अर्वोने ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

सकाळी इस्पितळात पोहोचले तेव्हा अर्वो पिसासारखा हलका झाला होता आणि ऑर्विलच्या कपाळावर घाम होता. खिडकीवर आज वयस्क बाई होत्या. त्यांनी मान वर केली, अर्वोला ओलांडून मागे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मिस्टर ट्रेंबाथ. आलात अखेर."

ऑर्विल म्हणाला, "मी यांच्याबरोबर आलोय."

"आणि आम्हाला वाटलं चौथ्या खेपेला तरी तुम्ही आत जाल. गेल्या वेळी तुम्ही कपडे बदलायच्या खोलीतून मागच्या दाराने गेलात ना, तो आमचा गाऊन अजून तुमच्याकडे आहे."

अर्वोने वळून बघितलं. ऑर्विल टोपी हातात घेऊन तिची कडा तपासत होता.

"दोनदा," अर्वो म्हणाला.

"दोनदा तयारी पूर्ण केली होती," ऑर्विल म्हणाला. "पेल्यापर्यंतचा अनुभव खरा आहे."

अर्वोला राग यायला हवा होता. पण आतून त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि त्याला एवढंच दिसलं, की हा माणूस ज्या इमारतीतून तीनदा पळाला, तिथे आज आपल्यासाठी म्हणून येऊन बसलाय. "तू इथून हलू नकोस," तो म्हणाला. "मी आलोच."

आत त्याला पाठीमागून उघडा असलेला गाऊन दिला. तो नेमका कुणाच्या मापाने शिवतात, हे अर्वोला कधीच कळलं नाही. समोरून तो पास्टरसारखा दिसत होता आणि मागून तसा मुळीच दिसत नव्हता. पलंगावर पडल्यावर पहिल्यांदाच त्याला थंडी वाजली. छताकडे बघताना रायनो आठवला. रायनोही इथेच पडला असेल, याच छताखाली, फक्त फार उशिरा. नर्सने हाताच्या शिरेत गुंगीचं औषध सोडलं. डॉक्टर लिंडग्रेन म्हणून एक तरुण बाई आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर लाहती, शंभरापासून उलटे आकडे म्हणा." अर्वो म्हणाला, "आधी आरसे बघून घ्या." आणि झोपला.

जागा झाला तेव्हा पडद्याआड त्याचा पलंग होता आणि शेजारी नर्स उभी होती. हसऱ्या चेहऱ्याची, चाळिशीची. कोटावर नाव होतं कॅरलीन.

"झालं का?" अर्वोने विचारलं.

"झालं. पण घरी सोडायच्या आधी एक गोष्ट राहिलीय. आत हवा भरलेली असते. ती बाहेर यावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला वाटतंय तेच. आवाज ऐकू आला पाहिजे."

अर्वोने चादर हनुवटीपर्यंत ओढली. जन्मात त्याने कुणा बाईसमोर असलं काही केलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, इल्मासमोरसुद्धा तो खोकल्याच्या आड सगळं निभावून नेत आला होता. "मी घरी जाऊन करतो," तो म्हणाला.

"चालणार नाही. मी तुम्हाला ओळखते, मिस्टर लाहती. तुम्ही मला दोनदा नापास केलंत. एकदा गाडी मागे घेताना आणि एकदा बाजूला लावताना. मी रडत होते, तरी तुम्ही म्हणालात, 'नियम म्हणजे नियम.'"

"तुझं चाक पदपथावर होतं."

"होतं. तर आता माझा नियम. आवाज झाल्याशिवाय पास नाही."

पडद्यापलीकडे कुणीतरी आपली परीक्षा इतकी दणक्यात पास झालं, की कॅरलीनने तिकडे बघून मान डोलावली. अर्वोने डोळे मिटले. पोट कुरकुरलं, दम धरून राहिलं, आणि अखेर लांबवर जहाजाने भोंगा द्यावा तसा एक भारदस्त, सावकाश सूर निघाला आणि बराच वेळ टिकला.

कॅरलीन म्हणाली, "पहिल्याच प्रयत्नात. मला नाही जमलं."

अर्वोला तो सन्मान वाटला. त्याने तो स्वीकारला.

मग डॉक्टर लिंडग्रेन आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. बसल्या म्हणजे काहीतरी आहे, हे अर्वोला गुंगीतही कळलं. त्यांनी ऑर्विललाही आत बोलावून घेतलं, कारण गुंगीत ऐकलेलं रुग्णाला नंतर आठवत नाही.

"दोन गाठी होत्या. दोन्ही काढल्या. एक बारीक होती, ती काही नाही. दुसरी मोठी होती. तपासायला पाठवतेय, पण मला वाटतं आपण वेळेत पोहोचलो. अजून दोन-तीन वर्षं गेली असती, तर मी तुमच्याशी हे असं बसून बोलत नसते."

"मला काहीच जाणवलं नव्हतं," अर्वो म्हणाला.

"जाणवत नाही. म्हणून तर बघायचं."

ऑर्विल पडदा धरून उभा होता. पडद्याच्या कड्या बारीक वाजत होत्या.

दोघे घरी आले. पाइपाचं काम उरकून चर बुजवला होता. इल्मा दारात एका पायावर उभी होती. तिने अर्वोचा चेहरा बघितला, ऑर्विलचा बघितला आणि आधी अंडी फोडली, प्रश्न नंतर विचारले. गाठीचं ऐकल्यावर तिने अर्वोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. अर्वो जेवत राहिला. तीन अंडी, लोणी लावलेला वेलचीच्या पावाचा तुकडा, आणखी एक तुकडा. आयुष्यात अन्न इतकं चविष्ट कधी लागलं नव्हतं.

ऑर्विलने ताटाला हात लावला नव्हता.

"मी भितो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "बापाला असंच झालं होतं. मी अठरा वर्षांचा होतो. त्याच्या खोलीचा वास अजून येतो मला. आत गेलो की तोच येतो."

इल्मा काही बोलायला गेली, पण अर्वोने तिला डोळ्यांनी थांबवलं. त्याने तोंडातला घास गिळला. "खिडकीवरच्या बाईंना आत्ताच फोन कर. इथूनच. मी नेईन तुला. कपडे बदलायच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसेन, आणि मागच्या दारापाशी त्या पाटीवाल्या बाईला उभी करीन."

ऑर्विल हसला नाही. पण त्याने फोन ओढला.

तो मे महिन्यात तपासणीला गेला. जाताना त्याने तो गाऊन धुऊन, इस्त्री करून, घडी घालून बरोबर घेतला. अर्वोला इतका वेळ खुर्चीत बसून राहावं लागेल असं वाटलं नव्हतं. एकदा आतून "अर्वो?" अशी हाक आली. "आहे," अर्वो म्हणाला. पुन्हा आली. "आहे इथेच." मग चाकांचा आवाज आला, दार बंद झालं, आणि हाका थांबल्या.

ऑर्विलच्या आत काही सापडलं नाही. परत येताना तो बाजूच्या सीटवर डोकं मागे टाकून बसला होता, गुंगीने लाल झालेला, आणि अर्ध्या वाटेवर त्याने तोंड उघडलं.

"एक सांगतो तुला, अर्वो. तू तिथे उताणा पडलास ना, ते चुकलं. डाव्या कुशीवर पडायचं. आणि गुडघे छातीशी घ्यायचे, पण अति नाही. आणि नर्सशी आधीच ओळख करून घ्यायची."

"सांग," अर्वो म्हणाला आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत वेळ मिळावा म्हणून तळ्याकडच्या लांबच्या रस्त्याला गाडी घातली.